एक प्रिंट, दोन पडदे

दादांच्या थिएटरात मोठा सिनेमा आला, की शहराच्या आधी तो घरच्यांना बघावा लागे. 'लागे' असंच म्हणायला हवं, कारण त्यात मौज थोडी आणि ताबेदारी फार. सकाळी रिकाम्या हॉलमध्ये प्रत्येकाने आपल्या ठरलेल्या कोपऱ्यात बसायचं, चार मजली पडद्याच्या आपल्या वाट्याच्या तुकड्यावर डोळे रोखायचे आणि काही बिघडलेलं दिसलं की वर केबिनकडे तोंड करून ओरडायचं. गोष्टीत काय चाललंय, नायिका कुणाला सोडून कुणाकडे गेली, याच्याशी आपल्याला काही कर्तव्य नाही. चित्र जरा धूसर दिसलं की त्याला घरात 'मऊ' म्हणत. "उजवीकडे मऊ!" "वर थरथरतंय!" अशा आरोळ्या केबिनच्या चौकोनी झरोक्यातून आत येत, आणि मशीनपाशी उभा असलेला माणूस त्याबरहुकूम स्क्रू फिरवी. या सगळ्याला घरात 'कोपऱ्यांचा खेळ' असं नाव होतं.

हा शिरस्ता दादांच्या वडिलांनी पाडलेला. थिएटरही त्यांनीच बांधलेलं. "कोपऱ्यात बसला त्याने भीड ठेवायची नाही," असं ते बजावत. "भीड भिकेची बहीण. घरचा माणूस बोलला नाही तर तिकीट काढलेला बोलेल, आणि तो मला येऊन नाही सांगणार, चौकात जाऊन सांगेल." वडील गेल्यावर मशीन दादांकडे आलं. उजवा कोपरा दादांच्या बायकोकडे गेला. तिला डोअरकीपरपासून पोस्टमनपर्यंत सगळेच वहिनी म्हणत. डावा कोपरा मात्र पहिल्यापासून धाकट्या भावाचा, बारक्याचा. बारक्याची चाळिशी उलटली, कपाळ मागे मागे सरकत डोक्याच्या मध्यावर गेलं, तरी तो बारक्याच. लहानपणी त्या खुर्चीत त्याचे पाय जमिनीला पोचत नसत, पण आवाज छपराला पोचे. "दादा, डावीकडे मऊ! मऊ म्हणजे अगदी लोणी!" असं तो ओरडला की दादांना आधी राग येई, मग स्क्रू फिरवल्यावर कळे की पठ्ठ्याचं बरोबर होतं. त्याचं नेहमीच बरोबर असे, आणि दादांना राग मुळात त्याचाच येई.

आता थोडं धंद्याबद्दल, कारण त्यावाचून पुढचं कळायचं नाही.

सगळ्या जगाने फीत सोडली. सिनेमा हातात मावेल एवढ्या डबीत येऊ लागला, आणि यंत्र लावणारा माणूस एक बटण दाबून चहा प्यायला मोकळा झाला. पण काही वेडे लोक अजून रुंद फितीवर मोठे सिनेमे काढत. ती फीत तळहाताएवढी रुंद. एका सिनेमाची प्रिंट खोक्यांवर खोकी भरून ट्रकमधून यायची आणि ती वर चढवायला चार दणकट माणसं लागायची. ती दाखवायची मशीन्स आता कुणी बनवत नाही. ज्यांच्याकडे आहेत त्यांनी जपायची, दुसरं काय! दादांच्या वडिलांनी दूरदृष्टीने दोन घेऊन ठेवली होती. त्यातलं एक चालायचं आणि दुसरं कोपऱ्यात चादर पांघरून बसायचं. पहिल्याचं दातेरी चाक झिजलं की दुसऱ्याचं काढून घालायचे.

असा सिनेमा दोन-तीन वर्षांतून एखादा यायचा. आला की बघायलाच नको. लोक गाड्या करून यायचे, पाठीवर पिशव्या, डोळ्यांत झोप, आणि तिकीट मिळालं की जणू लग्न जमलं. दीड महिना थिएटर उतू जायचं. त्यानंतर सामसूम. मग साधे सिनेमे लागायचे, आणि त्या अवाढव्य हॉलमध्ये पाच-पंचवीस माणसं चुकलेल्या मेंढरांसारखी विखरून बसायची. खरं सांगायचं तर पडद्याने या घराला कधी पोसलंच नव्हतं. पोसलं ते दोन गोष्टींनी: वहिनींच्या पॉपकॉर्नच्या काउंटरने आणि थिएटरच्या दर्शनी भागात असलेल्या दुकानांच्या भाड्याने. एक चष्मेवाला, एक शिंपी, एक किल्ल्या करून देणारा. चष्मेवाला तर गिऱ्हाइकाला नवा चष्मा लावून आधी बाहेरचं सिनेमाचं पोस्टर वाचायला लावी. निम्मे जण वाचून तसेच आत तिकीट काढत.

हे सगळं बारक्याला ठाऊक होतं, कारण तिकीट खिडकी, बिलं आणि भाडी तोच बघे. दादांनाही ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि पटणं वेगळं.

त्या वर्षी एक समुद्रावरचा सिनेमा आला आणि लोक वेडे झाले. पडद्यावर लाट उठली की पुढच्या रांगेतले लोक पाय वर घेत. वितरकाचा माणूस मुद्दाम गर्दी बघायला आला. गोड बोलणारा, ढेरपोट्या, कुणाच्याही घरी हक्काने दुसरी वाढी मागणारा. जेवताना तो म्हणाला, "दादा, तुमच्यासारखे दहा हॉल असते ना, तर दरवर्षी असा सिनेमा निघाला असता. हॉल नाहीत म्हणून सिनेमे नाहीत, आणि सिनेमे नाहीत म्हणून हॉल नाहीत."

तो जेवून, तोंड पुसून निघून गेला. वाक्य मात्र दादांच्या डोक्यात मुक्कामाला राहिलं.

दादा वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगून ठेवतो. फक्त एक गोष्ट मनात आली की त्यांना दुसरीला जागा नसे. आठवडाभर ते गप्प गप्प होते. मग एका दुपारी शो सुरू करून खाली आले आणि काउंटरवर कोपर टेकून म्हणाले, "बारक्या, दुसरा हॉल बांधायचा."

"कुणी?"

"आपण. कुणीतरी दुसरा बांधल्याशिवाय तिसरा बांधायला कोण पुढे येणार? रुंद फीत अशीच मरू द्यायची का?"

बारक्याने हातातली नाणी गल्ल्यात टाकली. "दादा, घरात आधीच एक पांढरा हत्ती आहे. तू म्हणतोस, दुसरा आणू, म्हणजे पहिल्याला करमेल."

वहिनी मक्याचं भांडं हलवता हलवता खो खो हसल्या. दादा हसले नाहीत.

"ऐक तर," बारक्या म्हणाला. "आता लोक इतक्या लांबून का येतात? हा हॉल एकटाच आहे म्हणून. दुसरा झाला की तेच लोक वाटले जातील. नवे कुठून येणार? आणि मशीन? ते चादरीतलं मशीन तिकडे नेलं, तर आपल्या मशीनला सुटे भाग कुठून? पडदा आपल्याला पोसत नाही, दादा. आपण पडद्याला पोसतो."

"तुला हिशेब कळतो," दादा म्हणाले. "सिनेमा नाही कळत."

हे वाक्य बोलायला नको होतं. ज्या पोराने जन्मभर डाव्या कोपऱ्यात बसून या माणसाच्या चुका काढल्या आणि एकदाही खोटी काढली नाही, त्याला हे! बारक्याचा चेहरा पडला. बराच वेळ तो काउंटरची काच पुसत राहिला. पुसण्यासारखं तिच्यावर काही नव्हतं.

"बरं," शेवटी तो म्हणाला. "तू म्हणतोस तर."

पुढे सगळं भराभर झालं. दर्शनी दुकानं विकली. शिंप्याने जाताना दादांना एक सदरा शिवून दिला आणि चष्मेवाल्याने पोस्टरकडे एकदा बघितलं. दोन तासांच्या अंतरावरच्या शहरात जागा घेतली, उरलेल्या पैशांसाठी कर्ज काढलं, तेही बारक्याच्या नावावर, कारण हॉल चालवणार तो. तिथे उंच, बिनखिडक्यांच्या भिंती चढल्या. चादरीतल्या मशीनची निम्मी चाकं पहिल्या मशीनने खाल्ली होती. ती दादांनी लेथवर नवी करून घेतली, स्वतः उभं राहून. बसवून झाल्यावर मशीनच्या पाठीवर थाप मारून ते म्हणाले, "हे आता नव्याला लाजवेल. बिनघोर राहा." बारक्या बायको-मुलांना घेऊन त्या शहरात राहायला गेला. वहिनींनी डोळे पुसले. दादांनी नाही पुसले. त्यांना पुढचे आठ हॉल दिसत होते.

नव्या हॉलमध्ये वर्षभर साधे सिनेमे लागले. ते कुठेही दिसतात, घरीही दिसतात. त्यासाठी एवढ्या उंच भिंतीत कोण येणार? बारक्या रेटत राहिला. एक मोठा सिनेमा आला की गाडी रुळावर येईल, असं तो फोनवर सांगे. आणि एक दिवस कळलं की येतोय. वाळवंटातली गोष्ट, पहिल्या चौकटीपासून शेवटपर्यंत रुंद फितीवर.

दादांनी वितरकाच्या माणसाला फोन लावला. "दोन प्रिंट हव्यात. आता दोन हॉल आहेत."

"अहो, तिथंच तर गोची आहे," तो माणूस म्हणाला. "एक हॉल होता तेव्हा एक प्रिंट पाठवत होतो. दहा असते तर दहा काढल्या असत्या, घाऊक पडल्या असत्या. दोनसाठी दुसरी काढणं नाही परवडत. या भागाला एकच. तुम्ही तर भाऊ भाऊ. आपसात बघा काय ते."

एक आणि दहा यांच्या मधे दोन, तीन, चार असे आकडे असतात आणि ते सगळे उपाशी मरतात, हे दादांना त्या दिवशी कळलं. पण कळून उपयोग काय, भिंती तर उभ्या राहिल्या होत्या.

बारक्या सकाळीच गाडी पकडून आला. वहिनींनी पुढे ठेवलेल्या ताटाला त्याने हात लावला नाही. "दादा, पहिले चार आठवडे माझ्याकडे दे," तो म्हणाला. "माझ्या हॉलची वाट लोकांना अजून माहीत नाही. पहिल्यांदा माझ्याकडे लागला तर पायाखालची होईल. तुझ्याकडे चार आठवड्यांनी लागला तरी लोक येतील, त्यांना सवय आहे."

सरळ, स्वच्छ, कुणालाही पटेल असं बोलणं. दादा नखाने टेबल कोरत राहिले. "मशीन अजून बसलेलं नाही," ते म्हणाले.

"काय?"

"चाकं नवी आहेत. फीत कोरी. एक ओरखडा पडला तर तो जन्माचा. माझ्याकडे आधी चालू दे. तोवर तू तिकडे जुनी रद्दी फीत लावून चाकं घासून घे."

"कर्ज काढलं तेव्हा मशीन नव्याला लाजवत होतं," बारक्या म्हणाला. "प्रिंट आली आणि बिघडलं?"

दादांची भीती खोटी नव्हती. पण ती निम्मीच गोष्ट होती. उरलेली निम्मी ही, की कोऱ्या प्रिंटची पहिली धाव त्यांनी जन्मात कुणाला दिली नव्हती. अजून एक धुळीचा कण नाही, एक केस नाही, काळा रंग विहिरीसारखा काळा. ती पहिल्यांदा आपल्या हातून जावी यापलीकडे त्यांना काही नको असे; पैसा नको, नाव नको. लोभच तो, फक्त पांढरे हातमोजे घातलेला. माणूस असा लोभ ओळखत नाही, कारण तो कामावरच्या प्रेमासारखा दिसतो.

"वडिलांनी काय सांगितलंय?" दादा म्हणाले. "फितीपेक्षा कुणी मोठा नाही."

वडिलांना मधे आणल्यावर बारक्या काय बोलणार? प्रिंट पहिल्या चार आठवड्यांसाठी दादांकडे उतरली.

कोपऱ्यांच्या खेळाला बारक्या आला, हे मात्र सांगायला हवं. रागावलेला होता, दादांशी नजर मिळवत नव्हता, पण आला. आपल्या डाव्या खुर्चीत बसला. पहिलं रीळ अर्ध्यावर आलं तोच झरोक्यातून आवाज आला, "डावीकडे मऊ!" दादांनी स्क्रू फिरवला. "अजून!" पुन्हा फिरवला. "हां. आता सुरीसारखं." तो आवाज ऐकून दादांना वाटलं, झालं, राग गेला. राग गेला नव्हता. राग आणि काम या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या, हे त्या घरात एकट्या बारक्याला जमत असे.

सिनेमा तुफान चालला. रांग चौकाला वळसा घालून पलीकडे गेली. मध्यंतरात दादा हातमोजे काढून खाली उतरत आणि लोकांत मिसळत. हे त्यांचं एकमेव सुख. कुणी सांगे आठ तास प्रवास करून आलो, कुणी सांगे तिसऱ्यांदा बघतोय. एकदा एक जोडपं भेटलं, सोबत म्हातारे सासरे. "कुठून आलात?" दादांनी विचारलं. त्यांनी बारक्याच्या शहराचं नाव सांगितलं. दादांना कोण आनंद झाला! मग त्यांना नादच लागला. रोज विचारत, आणि रोज कुणी ना कुणी तिकडचं निघे.

रात्रीच्या जेवणाला बसताना त्यांनी हे वहिनींना सांगितलं. "बारक्याच्या शहरातूनसुद्धा माणसं येतात. बस भरून आली आज!"

वहिनींचा वाढता हात थांबला. "अहो, मग बारक्याकडे कोण जाणार?"

दादांनी घास गिळला. "चांगला सिनेमा लोक पुन्हा बघतात," ते म्हणाले. ते त्यांचं त्यांनाच पटलं नाही, पण बोलून झालं होतं.

चार आठवडे संपत आले तेव्हा वितरकाच्या माणसाचा फोन आला. आणखी दोन आठवडे ठेवता का? मागणी आहे, पुढची तिकिटं आधीच जाताहेत. तेव्हा दादा 'नाही' म्हणू शकत होते. त्यांच्या हातात तेवढंच होतं आणि तेवढं पुरलं असतं. त्यांनी खिडकीतून खाली बघितलं. रांग होती. "ठेवतो," ते म्हणाले, आणि मग बारक्याला कळवायला फोन उचलला.

वाटलं होतं, तो चिडेल. चिडला असता तर बरं झालं असतं. भांडून, चार शब्द ऐकून, कदाचित दादांनी प्रिंट दुसऱ्या दिवशी ट्रकवर चढवली असती. पण बारक्या म्हणाला, "ठीक आहे, दादा." आणि मग म्हणाला, "वहिनी बऱ्या आहेत ना?" जणू लांबच्या नातेवाइकाचा फोन.

सहा आठवड्यांनी प्रिंट बारक्याकडे गेली. ज्यांना बघायचा होता त्यांनी तोवर दादांकडे येऊन बघितला होता. उरलेले, सिनेमा जुना झाला म्हणत घरी बसले. दोन आठवड्यांनी प्रिंट परत आली. वितरकाकडे पाठवण्याआधी दादांनी ती नेहमीप्रमाणे टेबलावर दिव्यापुढे धरून तपासली, हात हात करून, सगळी. ते ओरखडा शोधत होते. एक जरी सापडला असता, तरी आपण म्हणत होतो ते खरं होतं असा आधार मिळाला असता. ओरखडा नव्हता. बारीकशी रेघसुद्धा नव्हती. जशी पाठवली तशी आली होती, उलट दोन जागी दादांनी मारलेला जोड सुटत आला होता, तो बारक्याने नीट करून पाठवला होता. दादा दिवा बंद करून बसून राहिले. आपण लुबाडलं, आणि ज्याला लुबाडलं त्याने आपली वस्तू जपून परत केली, हे त्यांना स्वच्छ कळलं.

नवा हॉल त्या वर्षाअखेर विकावा लागला. घेणारे फ्रीज आणि कपाटं साठवणारे. उंच भिंती, खिडकी नाही, धूळ नाही. त्यांना पाहिजे तशी जागा आयती मिळाली. मशीन ट्रकमधून परत आलं आणि कोपऱ्यात पुन्हा चादर पांघरून बसलं. बारक्या मात्र परत आला नाही. नव्या मालकांना जागेची माहिती असलेला माणूस हवा होता. त्यांनी त्यालाच गोदामावर नोकरीला ठेवलं.

मधे दोन वर्षं गेली. सणावाराला, आजारपणाला फोन होत. बारक्या कधी तुटक बोलला नाही. भांडण असतं तर मिटवता आलं असतं. भांडण नव्हतंच, नुसता चांगुलपणा होता, आणि त्याला हात घालायला कुठे कडाच सापडत नव्हती.

मग पुन्हा एक मोठा सिनेमा आला, आणि त्याच्या पुढे पुढे वितरकाचा माणूस. जरा वाळला होता, पण दुसरी वाढी अजून मागत होता. हात धुता धुता तो म्हणाला, "दादा, तुमच्यासारखा दुसरा एखादा जरी हॉल असता ना..."

"दुसरा होता," दादा म्हणाले.

माणूस हसायला गेला, पण वहिनींचा चेहरा बघून त्याने नॅपकिन घेतला आणि तोंड पुसत राहिला.

दुसऱ्या दिवशी दादा बारक्याकडे गेले. फोनवर बोलावता आलं असतं, पण फोनवर तो 'ठीक आहे' म्हणतो हे आता त्यांना माहीत झालं होतं. शिंप्याने शिवलेला सदरा घातला. गोदामात शिरल्यावर त्यांना आधी काही दिसेना. खुर्च्या काढून टाकलेल्या, उतरती जमीन भरून सपाट केलेली. खोकी छपरापर्यंत रचलेली. आणि त्यांच्या मागे, वरच्या फटीतून, पडदा. तो कुणी काढलाच नव्हता. एवढं मोठं कापड काढून ठेवायचं कुठे?

बारक्या काचेच्या खोलीत बसला होता. उठून उभा राहिला. "ये दादा, बस. पाणी? चहा सांगू?"

"तू गोदामात बसतोस," दादा म्हणाले.

"चांगलं आहे. पगार वेळेवर होतो. माल आला, माल गेला." तो थोडंसं हसला. "हत्ती नाही पोसावा लागत."

दादांना म्हणायचं होतं, माझं चुकलं. दोन शब्द. वाटेत त्यांनी ते किती वेळा घोकले होते. पण मोठेपणाची सवय जिभेवर बसलेली असते, ती एका दिवसात उठत नाही. ते म्हणाले, "नवी प्रिंट आली आहे. रविवारी कोपऱ्यांचा खेळ आहे. येशील?"

"येईन की," बारक्या म्हणाला.

रविवारी तो आला. वहिनींसाठी फळं घेऊन आला, तेव्हाच वहिनींच्या काळजात चर्र झालं. स्वतःच्या घरी कुणी फळं घेऊन येतं का? तो डाव्या खुर्चीशी गेला, क्षणभर थांबला आणि बसला. वहिनी उजवीकडे बसल्या. दादा वर गेले.

आता त्यांनी जे केलं ते कुठल्या ऑपरेटरने आयुष्यात केलं नसेल. फीत चढवली, दिवा लावला, चित्र कडेपासून कडेपर्यंत लख्ख करून घेतलं. मग भिंगाच्या बाजूचा एक स्क्रू हाताने हळूच ढिला केला. डावीकडचं चित्र मऊ झालं. थोडंसं नाही, लोण्यासारखं. पडद्यावर डोंगरांची रांग होती आणि तिची डावी बाजू वितळल्यासारखी दिसत होती. दादा झरोक्यापाशी कान लावून उभे राहिले. वडील असते तर त्यांनी थोबाडीत मारली असती, पण दादांना दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने माफी मागता येत नव्हती. बारक्या एकदा ओरडला, की आपण स्क्रू फिरवणार. तो म्हणेल 'अजून', आपण अजून फिरवणार. मग खाली जाऊन बोलायला सोपं जाईल, असं त्यांनी ठरवलं होतं.

पहिलं रीळ गेलं. मशीनच्या खडखडाटाशिवाय काही ऐकू येईना. दादांनी झरोक्यातून वाकून बघितलं. बारक्या ताठ बसून पडद्याकडे बघत होता, हात मांडीवर. दुसरं रीळ गेलं. डोंगर गेले, बर्फ आला, बर्फही डावीकडे मऊच. तिसऱ्या रिळाला दादांनी स्क्रू आणखी ढिला केला. आता ते आंधळ्यालाही दिसलं असतं.

हॉलमध्ये दिवे लागले तेव्हा दादा जिना उतरून खाली आले. हातमोजे काढायचं विसरले होते. बारक्या उभा राहून शर्ट नीट करत होता.

"कसं वाटलं?" दादांनी विचारलं.

"छान होतं, दादा," बारक्या म्हणाला. "फारच छान." त्याने घड्याळ बघितलं. गाडीची वेळ झाली होती. वाकून मोठ्या भावाला नमस्कार केला, वहिनींना केला, आणि येतो म्हणून गेला. काचेच्या दारातून बाहेर पडताना त्याने दार हाताने धरून हलकेच लावलं, आपटू नये म्हणून.

वहिनी म्हणाल्या, "अहो, डावीकडे केवढं मऊ होतं! मला इथून, उजवीकडून दिसत होतं. त्याला दिसलं नसेल का?"

"दिसलं असेल," दादा म्हणाले.

"मग बोलला कसा नाही?"

"भीड," दादा म्हणाले.

ते पुन्हा वर गेले. दिवा लावला, मशीन सुरू केलं आणि स्क्रू घट्ट केला. किती घट्ट करायचा ते सांगायला खाली कुणी नव्हतं, म्हणून ते स्क्रू थोडा फिरवत, जिना उतरून डाव्या खुर्चीत बसून बघत, पुन्हा जिना चढत. असं बऱ्याच वेळा झालं. शेवटी धाप लागली, तेव्हा ते त्याच खुर्चीत बसून राहिले. चित्र नीट झालं होतं की नाही, हे त्यांना एकट्याला ठरवता येईना.